आबांची नजरकैद

माझ्या सासऱ्यांचं, म्हणजे आबांचं, पित्ताशयाच्या खड्यांचं ऑपरेशन गारखेड्यातल्या एका खासगी दवाखान्यात झालं. ऑपरेशन नीट पार पडलं, भानगड झाली ती घरी निघताना. विमा कंपनीनं ऐनवेळी मंजूर रकमेला कात्री लावली आणि बिलाचा बराच भाग आमच्या अंगावर आला. खिडकीतली मुलगी म्हणाली, "उरलेले भरा, मग पेशंट न्या." जणू आम्ही आबांना दुरुस्तीला टाकलं होतं.

नवरा पैशांच्या मागे बाहेर पडला. मी वर गेले, तर लिफ्टपाशी वॉर्डबॉय उभा. खालून चिठ्ठी आल्याशिवाय आबांना सोडायचं नाही, असं त्याला बजावलेलं.

हे आबांना कसं सांगावं? टाके ताजे, त्यात मनाला लागलं तर? मी घाबरत घाबरत सांगितलं. आबा उशीला टेकून ताठ बसले.

"म्हंजे मी नजरकैदेत हाय म्हण की!"

चेहरा असा खुलला की नातवाच्या बारशालाही इतका खुलला नव्हता. पाटबंधारे खात्यात सगळी नोकरी कारकुनीत गेली. उभ्या आयुष्यात त्यांना कुणी अडवलं नव्हतं, कारण कुणी अडवावं असं त्यांनी काही केलंच नव्हतं. त्यांनी लगेच गावाकडं फोन लावला. "नाय नाय, तब्येत बरी हाय. पण सोडंनात मला. व्हय, माणूस उभा केलाय दारात!"

शेजारच्या खाटेवर पायाला प्लास्टर घातलेले एक चाचा होते. त्यांनी हात उंचावून धीर दिला. "फिकर नक्को करो आबा, मेरा बी बिल बाकीच है. अपन दोनों अंदर."

मी जिन्यात जाऊन मैत्रिणीला फोन केला. ती कोर्टात वकिली करते. सगळं ऐकून ती म्हणाली, "बिलासाठी पेशंटला अडवून ठेवता येत नाही. बाकी माफ होत नाही हं, ती त्यांनी रीतसर वसूल करावी. पण माणूस गहाण ठेवता येत नाही. आणि बिलाचा सगळा तपशील माग, तो तुझा हक्क आहे. रुग्णहक्कांची सनद तिथंच भिंतीवर लावलेली असेल, बघ."

सनद होती. पाणी थंड करायच्या मशीनमागं होती. मी मशीन आणि भिंत यांच्या फटीत डोकं घालून वाचायला लागले, तर मागं माणसांची रांग लागली. "ताई, पाणी येत नाय का?" एका बाईनं विचारलं. मी म्हटलं, "पाणी येतंय, मी कायदा बघतेय." ती म्हणाली, "मग जरा सरकून बघा."

मी मॅनेजरला गाठलं आणि मैत्रिणीचं वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं. मॅनेजर दुखावल्यासारखे झाले. "मॅडम, अडवलंय कुणी? आम्ही फक्त थांबायला सांगितलं."

"मग लिफ्टपाशी माणूस कशाला?"

"तो लिफ्टसाठी आहे."

बिलाचा तपशील मात्र त्यांना द्यावा लागला. औषधांच्या यादीत मध्येच लहान बाळाचे डायपर निघाले. मॅनेजरांनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. बाळंतिणींच्या मजल्यावरचं काहीतरी आबांच्या नावावर चढलं होतं. ते वजा झालं. मग त्यांचा सूर एकदम मऊ पडला. उरलेली बाकी हप्त्यांनी द्यायची, असं ठरलं. मी सही केली, नवऱ्याला फोन करून परत बोलावलं आणि जिंकल्यासारखी वर धावले.

"आबा, चला! सोडलं तुम्हाला!"

आबा हलले नाहीत. "आत्ता? असं कसं? दुपारून पाव्हणे यायलेत मला बघायला."

"ते घरी येतील ना."

"घरी काय बघायचंय? घरी मी रोजच असतो!"

एवढ्यात गावाकडची जीप आलीच. चुलत दीर, जाऊबाई आणि दोन आत्या वॉर्डात शिरल्या. आत्यांनी येताना डोळे ओले करून ठेवले होते. "दादा, लई हाल केले का रं तुझे?" आबांनी घसा खाकरला, माझ्याकडं बघितलं. मी पिशवी आवरायला वळले. मग ते खोल आवाजात म्हणाले, "सहन केलं." नर्सबाई तोंडावर हात धरून बाहेर पळाल्या.

डायपरचं मी आत्यांना सांगायला लागले, तर आबांनी डोळे असे वटारले की मी विषय पाण्याच्या मशीनवर नेला. शेवटी चाचांनीच समजूत घातली. "जाव आबा, कानून ने छोड दिया. मेरेकू बी वो कागज कां लगाया है, बताव." जाताना मी त्यांच्या मुलाला मशीनमागची सनद दाखवली.

पुंडलिकनगरला पोचेपर्यंत संध्याकाळ झाली. सासूबाई ओट्यावर शेजारणींसोबत चहा पीत निवांत बसल्या होत्या. जीपमधून उतरणाऱ्या आबांकडं बघून त्या म्हणाल्या, "सोडलं व्हय? मला वाटलं, अजून दोन रोज तरी ठेवून घेतील."

हप्ते आम्ही वेळेवर फेडतोय. दवाखान्यातून आठवणीचा फोन येतो, तो आबाच घेतात. पलीकडची मुलगी हल्ली आधी त्यांची तब्येत विचारते, आणि मग बराच वेळ तिला बोलायला मिळत नाही.