वरातीच्या जीपला मोठा थ्रॉटल

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या बाबांनो, शेवटाला मला स्वतःला हसू येत नाही. आणि चहा घ्या, गार होतोय.

माझ्या भाच्याचं, निखिलचं लग्न होतं. कामठी रोडवरच्या लॉनमध्ये. ताईची एकच इच्छा होती, नवरदेव त्याच्या बाबांच्या जीपमधून जावा. भाऊजी होते तेव्हा याच उघड्या जीपनं बुटीबोरीला साइटवर जायचे. ते गेले आणि जीप माझ्याकडे आली. मी तिला रविवारी मित्रांबरोबर नाल्या-खड्ड्यांत घालायचो.

"बापू, मी त्या जीपीसमोर नाचणार हाये," ताई म्हणाली.

"तू?"

"काहून? मी नाचू नाही का? लोकाइले काय म्हणायचं ते म्हणू दे. ह्यांची गाडी अन् त्यात माहा पोरगा, दोघं माह्या मागं पाहिजेत. तू फक्त गाडी हळू चालव."

भाऊजी गेल्यापासून ही बाई कुठल्या लग्नात पुढच्या रांगेतही बसली नव्हती. अन् आता नाचणार म्हणते! म्हटलं, ताईसाठी गाडी एकदम झकास करायची.

इथंच माशी शिंकली.

आमच्या रविवारच्या टोळीत पंकज आहे. गाड्यांचं सगळं त्याला माहीत असतं, निदान त्याच्या बोलण्यावरून तरी.

"भाऊ, थ्रॉटल बॉडी बदल," तो म्हणाला. "मोठी टाक. गाडी मोकळा श्वास घेते. मख्खन!"

थ्रॉटल बॉडी म्हणजे इंजिनाचं नाकच म्हणा ना. आत एक गोल चकती असते. पाय दाबला की चकती उघडते, हवा आत जाते, गाडी पळते. मोठं नाक, जास्त हवा, जास्त पळणं. आता मला सांगा, वरातीच्या गाडीला पळायचं असतं का? पण हा प्रश्न तेव्हा पडायला डोकं लागतं.

मोबाईलवर व्हिडिओ पाहून मी स्वतःच ती बसवली. पायाकडून चकतीला जाणारी तार थोडी तिरपी आली, पण म्हटलं चालतं. ट्रायल घेतली ना! रिकाम्या रस्त्यावर, सुसाट. काय पळाली हो! हळू चालवून पाहायचं मात्र माझ्या मनातही आलं नाही.

वरातीच्या दिवशी डेकोरेटरनं जीप फुलांनी अशी मढवली की नुसता आरसा तेवढा दिसत होता. मागच्या सीटवर फेटा बांधलेला निखिल, स्टिअरिंगवर मी, समोर संदलवाले, म्हणजे आमच्याकडचे ढोल बडवणारे, आणि त्यांच्यापुढे नवी हिरवी साडी नेसलेली ताई. ढोल सुरू झाले. ताईनं पदर खोचला.

मी फर्स्ट गिअर टाकला. पाय टेकवला, अगदी मुंगी चिरडू नये इतकाच. जीपनं टुणकन उडी मारली! ढोलवाले बाजूला झाले.

"मामा, हळू नं," निखिल म्हणाला.

"हळूच चालवून राहिलो रे!"

ब्रेक दाबला, बंद पडली. सुरू केली, पुन्हा उडी. ताई एक हात वर करायची, ठेका धरायची, की मागून जीप धावून यायची. बिचारी नाचते कुठली, नुसती पळत होती. शेवटी ती वळून ओरडली, "बापू, मले नाचू देतं का मारतं?"

त्या घाईत माझा पाय जरा जास्तच पडला. झालं! तिरपी तार अडकली, चकती उघडली ती मिटेचना. संदलवाले दोन्हीकडे पांगले, ताईला कोणीतरी ओढलं, आणि आम्ही निघालो.

क्लच दाबायचा, म्हणाल. दाबला! इंजिन असं किंचाळलं की घाबरून पाय सुटला. चावी बंद करायची, म्हणाल. अहो, उड्यांनी माळा घसरल्या अन् चावी गेली झेंडूखाली! मी एका हातानं फुलं उपसतोय, दुसऱ्या हातानं हॉर्न. ब्रेकवर उभा राहिलो तर गाडी नुसती थरथरत पुढे सरकते.

लॉनच्या गेटवर मुलीकडचे आरतीचं ताट घेऊन उभे होते. मुलीच्या आईनं ताट उचललं. आम्ही तिच्यासमोरून निघून गेलो.

"नवरदेव चालला!" मागून कोणीतरी बोंबललं.

"रुसला वाटते!"

"काहून रुसला?"

पुढे उड्डाणपुलाच्या उतारावर चावी सापडली एकदाची. गाडी थांबते न थांबते तोच मागून स्कूटरवर मुलीचे वडील. उतरले, फेटा काढून हातात धरला, आणि भर रस्त्यात माझ्यासमोर वाकले.

"मामाजी, काय चुकलं आमचं? सांगा तं खरं. पण पोराले असं वापस नेऊ नका."

त्या माणसाच्या डोळ्यांत पाणी होतं. मला वाटलं, याच जीपखाली जाऊन झोपावं. मी त्यांचा फेटा त्यांच्या डोक्यावर ठेवला आणि म्हटलं, "तुमचं काही नाही चुकलं हो. चुकलं ते इथं, बोनेटखाली. अन् थोडं माझ्या टाळक्यात."

तेवढ्यात ताई आली. धापा टाकत, साडी गुडघ्याशी धरून. माझ्याकडे पाहिलंही नाही. वाकून चावी काढली आणि कमरेला खोचली.

"आता इंजिन नाही. गाडी वळवा अन् ढकला. बापू, तू मागून."

"मी समोर राहतो नं ताई, तुझ्यासोबत..."

"मागून!"

मागोमाग पाहुणे आणि संदलवालेही धावत आले होते, सगळ्यांनी मिळून जीप वळवली. उतारावर आलो होतो, आता परत चढ. पाहुणे दोन्ही बाजूंना लागले, मी मागे स्टेपनीला खांदा दिला. संदल पुन्हा सुरू झाली, आणि पुढून असा गलका उठला की काय सांगू. शिट्ट्या, टाळ्या, "वाह वहिनी!" मुलीचे वडीलसुद्धा हसत होते म्हणे.

"मामा!" निखिल वरून ओरडला, "आई काय नाचून राहिली, पाहा नं! रडून राहिली अन् नाचून राहिली!"

"कसा पाहू गा? सोडलं तं जीप मागं येते!"

गेटपर्यंत ढोल थांबले नाहीत, आणि ताईही थांबली नाही म्हणतात. मी जीपमागून पुढे येईपर्यंत तिनं पदर सारखा केला होता आणि ती आरतीच्या ताटापाशी उभी होती. पुन्हा कधी नाचशील, विचारलं, तर म्हणाली, "झालं माहं."

माझी ताई तिच्या नवऱ्याच्या जीपसमोर आयुष्यात एकदा नाचली. रस्त्यावरच्या पाणीपुरीवाल्यानं पाहिलं, ज्यांची आमची ओळख नाही त्यांनी पाहिलं. मी पाहिली स्टेपनी.