कळंबच्या ओहोटीत फ्लॉसी

निर्मळच्या फ्लॉसीला पोहायला शिकवलं ते तिच्या बापाने, माहेरच्या वाडीतल्या बावखलात, म्हणजे छोट्या तळ्यात, कमरेला केळीचा खुंट बांधून. बावखलाचं पाणी गोडं आणि निवांत. लग्नानंतर केळी, गुरं आणि तीन मुलं यांत पोहणं मागे पडलं. नवऱ्याने, फ्रेडरिकने, तिला पाण्यात कधी पाहिलंही नव्हतं.

एकोणऐंशीच्या मे महिन्यात सारं घर कळंबच्या किनाऱ्यावर गेलं. मुंबईत बँकेत नोकरीला असलेला धाकटा दीर फेबियन ट्रकच्या टायरची ट्यूब घेऊन आला होता. सकाळभर मुलं तिच्यावर लाटांत खिदळली. जेवणं झाल्यावर पोरं सुरूच्या सावलीत आडवी झाली आणि फेबियन एकटाच ट्यूबवर बसून पाण्यात गेला. ओहोटी लागली होती. बघता बघता तो इतका आत गेला, की त्याच्या हाका नीट ऐकू येईनात.

फ्रेडरिक होडी शोधायला किनाऱ्याने धावला. फ्लॉसीने मात्र साडीचा काष्टा मारला आणि पाण्यात उडी घेतली.

जाताना तिला फार हात मारावे लागले नाहीत; ओहोटीच तिला ओढून नेत होती. पण लाटा तोंडावर आपटत होत्या, खारं पाणी नाकात गेलं, काष्टा सुटून साडी पायांत गुंडाळली. ट्यूबपाशी पोचली तेव्हा हातांत त्राण उरलं नव्हतं. फेबियननेच तिचं मनगट पकडून तिला वर घेतलं.

"वहिनी, परत कसं जायचं?" त्याने विचारलं.

"जायचं नाही. ट्यूब सोडू नकोस."

दोघं तशीच तरंगत राहिली. बऱ्याच वेळाने फ्रेडरिकने गाठलेल्या बळीराम मच्छीमाराची होडी आली. त्याने दोघांना वर ओढलं आणि एवढंच म्हणाला, "पानी बाहेर चाललं का, त्याच्याशी भांडायचं नाय. बरं केलंत."

रविवारी मिस्सा सुटल्यावर चर्चच्या आवारात जो तो म्हणत होता, फ्लॉसीने दिराला ओढून आणलं. त्याने मला धरलं, नाहीतर मी गेलेच होते, असं ती प्रत्येकाला सांगत राहिली. कुणी मनावर घेतलं नाही. फ्रेडरिक तेवढा घरी आल्यावर म्हणाला, "पुन्हा असं एकटीने जायचं नाही." तिने मान डोलावली. तिलाही ते पटलं होतं.

त्याच आठवड्यात ती बळीरामच्या बायकोकडे, रंभाकडे, जाऊन बसली. भरती-ओहोटीच्या वेळा तिथीवरून कशा धरायच्या, पाणी कुठून ओढीने बाहेर पडतं, हे सगळं विचारून घेतलं. मग घरच्या वाडीतल्या बावखलात तिने आळीतल्या मुलींना शिकवायला घेतलं. पोहणं नंतर, आधी पाठीवर पडून राहायचं आणि मदतीसाठी एक हात वर करायचा. पहिल्या उन्हाळ्यात चारच मुली आल्या. त्यांतल्या दोघींच्या आयांनी मध्येच पाठवणं बंद केलं; मुली ओल्या कपड्यांनी रस्त्यावरून येतात, ते बरं दिसत नाही म्हणे. उरलेल्या दोघींना घेऊन फ्लॉसी कळंबला गेली, भरती चढत असताना, आणि छातीएवढ्या पाण्याच्या पुढे एकीलाही जाऊ दिलं नाही.