खाणीवरचा मोजणीवाला

सिरसाळ्याकडच्या आमच्या शिवारात एक बंद दगडखाण वीज केंद्राच्या राखेनं भरलेली आहे. त्या राखेचं खराब पाणी जमिनीखालून किती सरकलं, ते बघायला हा माणूस दर उन्हाळ्यात येतो. ओळीनं लोखंडी खुंट्या ठोकतो, बुडाशी मिठाचं पाणी ओततो, तारा जोडून वीज सोडतो आणि यंत्रातला आकडा स्वतःशीच दोनदा पुटपुटतो. जेवतो आमच्याकडं, पण पाणी पितो स्वतःच्या बाटलीतलं. मला त्याचा रागच यायचा.

यंदा आमच्या विहिरीपाशी आकडा एकदम खाली आला. खराब पाणी पोचलं की असंच होतं. मी धावत जाऊन विहिरीत डोकावलो. त्यानं मात्र विचारलं, "खाली लोखंड हाय का काही? त्यानंबी आकडा पडतो."

"न्हाई, साहेब."

"आठवा नीट."

मग आठवलं. वडलांनी पुरलेली जुनी लोखंडी पाइपलाइन!

"लई घाबरवलं की तुमी," म्हणत त्यानं सगळ्या खुंट्या उपटल्या आणि भर उन्हात लांब नेऊन पुन्हा ठोकल्या. आकडा दोनदा पुटपुटला. बाटलीतलं उरलेलं पाणी बांधावर ओतून दिलं आणि रिकामी बाटली आमच्या विहिरीच्या मोटारीच्या धारेखाली धरली.