बक्कल नंबर नसलेली नोंद

संगणकाच्या नोंदीतली ती एक ओळ मला निवृत्तीनंतरही तोंडपाठ आहे.

कोलशेतच्या एका कंपनीतली यंत्रांची सगळी आरेखने एका रविवारी सर्व्हरवरून पुसली गेली. तक्रार आमच्या पोलीस ठाण्यात आली आणि पाठोपाठ तिथल्या वरिष्ठ तंत्रज्ञाचा फोन. "सर, सिस्टिमचा लॉग बघा. नाव सापडेल."

लॉग म्हणजे संगणकाची स्टेशन डायरी. कोण कधी आले, ते आपोआप टिपले जाते. त्यात नाव सापडले ते त्याच्याच हाताखालच्या, डोंबिवलीच्या एका मुलीचे. दुपारी तीन बाराला तिने घरून प्रवेश केल्याची नोंद होती.

मुलगी रडली नाही, चिडली. "साहेब, मी ठाकुर्लीला मावशीकडे गेलेले. लॅपटॉप उघडलाच नाही!"

असल्या मावश्या मी नोकरीत पुष्कळ पाहिल्या होत्या. अटकेचे कागद तयार करायला सांगितले. तिचे वडील सकाळपासून बाहेरच्या बाकावर बसून होते.

सही करण्यापूर्वी लॉगचा छापील कागद पुन्हा वाचला. संगणकातले मला ओ की ठो कळत नाही, पण डायऱ्या तपासण्यात माझी हयात गेली आहे. इतर प्रत्येकाच्या प्रवेशाच्या ओळीत कंसात एक आकडा होता. फक्त तिच्या ओळीत नव्हता. नोंदीखाली लिहिणाऱ्या शिपायाचा बक्कल नंबर नसला की मी ठाणे अंमलदाराला फैलावर घेत असे. इथे कोणाला घ्यायचे?

सायबर कक्षातल्या हवालदार बाईंना बोलावले. कागद पाहून त्या हसल्याच.

"सर, ही ओळ मशीनची नाही, माणसानं घुसवलीय. 'लॉगर' म्हणून कमांड आहे. कोणाचंही नाव टाका, मजकूर टाका, जाऊन बसतो लॉगमध्ये. मशीन स्वतःच्या कामाचा नंबर टाकतं. लॉगरला तो मुद्दाम मागावा लागतो, यानं मागितला नाही."

"पण हा कोण?"

त्यांनी सर्व्हरवरचा पूर्ण लॉग चाळला. तीन पाचला एक एकाकी ओळ होती: 'टेस्ट'. ही संगणकवाली मंडळी चाचणी घेतल्याशिवाय खोटेसुद्धा बोलत नाहीत! आणि नाव दिले नाही, तर कमांड चालवणाऱ्याचेच नाव पडते. ते त्या वरिष्ठ तंत्रज्ञाचे होते.

त्याला बोलावून चहा दिला. सहज विचारले, "लॉगमध्ये हातानं लिहिता येतं का हो?"

"छे सर, इम्पॉसिबल."

ज्याचे पोट त्या कामावर चालते, तो इतका अडाणी नसतो. मी पूर्ण लॉगचा कागद पुढे सरकवून 'टेस्ट'वर बोट ठेवले. चहा तसाच राहिला.

"चुकून भलताच फोल्डर उडवला, सर. प्रमोशन तोंडावर होतं. घाबरलो."

सायबरचा एकही कोर्स न केलेल्या माणसाने ही गाठ सोडवली, याचा मला आजही अभिमान आहे. हवालदार बाईंचा तर त्याहून जास्त. पुढे प्रत्येक नव्या फौजदाराला मी सांगत आलो, की नोंदीत काय लिहिले आहे हे नंतर वाचा, ती कोणी लिहिली ते आधी विचारा.

मुलीला जायला सांगितले, तेव्हा तिच्या वडिलांनी माझ्यापुढे हात जोडले. "साहेब, फार उपकार झाले."

तिने त्यांचे हात खाली केले. "बाबा, उपकार कसले? मी काही केलंच नव्हतं."

माझी मान आपोआप खाली गेली. खुर्चीतून उठलो आणि तिला म्हणालो, "चुकलो, बाई."