चष्म्यातला रस्ता

“चालून दाखव, बेटा,” पडद्यावरचे डॉक्टर म्हणाले.

रेखा चालली. पण बघायला आलेल्या पाहुण्यांसमोर पोरी चालतात तशी चालली. मान खाली, पाऊल लहान, हात पदरावर. लंगडणं जवळजवळ दिसलंच नाही.

मी त्या खोलीत आया होते. ही दोन हजार सालानंतरची गोष्ट. शहरातल्या एका मोठ्या दवाखान्याने कळमनुरीकडे आमच्या दवाखान्यात टेलिमेडिसिनची खोली काढली होती. म्हणजे पेशंट इथे, डॉक्टर तिकडे, मधे कॅमेरा. पायाच्या, कंबरेच्या पेशंटला आम्ही कॅमेऱ्यासमोर चालवायचो. ऑपरेशनला कुणाला बोलवायचं, ते डॉक्टर चाल बघून ठरवायचे.

रेखा बाळापूरची, एकोणीस वर्षांची. जन्मापासून तिच्या खुब्याची वाटी उथळ. एक्स-रेत ते दिसलं होतं. ऑपरेशन लगेच करायचं की नाही, ते चालीवर ठरणार होतं.

“चाल ठीक आहे,” डॉक्टर म्हणाले. “सध्या व्यायाम पुरे.”

तिची आई खूश झाली. बाहेर बाकावर बसून तिनेच मला सांगितलं होतं. पाहुणे ‘चालून दाखव’ म्हणतात, म्हणून तिने लेकीला अंगणात चालायला शिकवलं होतं. दुखऱ्या पायावर भार आला की पदर सावरायचा, म्हणजे बघणाऱ्याची नजर वर जाते. पोरीने इथेही तेच केलं.

आमच्या दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडमना ते पटलं नाही. “सर, व्हीआर लावून बघू,” त्या म्हणाल्या.

व्हीआर म्हणजे डोळे झाकणारा जड चष्मा. त्यात खोली दिसत नाही, रस्ता दिसतो. झाडं, घरं. माणूस बघणाऱ्यांना विसरतो आणि नेहमीसारखा चालतो. चष्म्याला लांब वायर होती. ती धरून पेशंटच्या बाजूने चालायचं काम माझं.

चष्मा लावून रेखा थोडा वेळ नुसती उभी राहिली.

“मावशी, हितं कुनीच न्हाई.”

“न्हाई ना. चाल मग.”

तिने पदर सोडला आणि चालली. प्रत्येक पावलाला अख्खं अंग डावीकडे कलत होतं. तिचा खांदा माझ्या खांद्याला लागत होता. पोरगी हसत होती.

डॉक्टर पडद्यात पुढे सरकले. “हिला या महिन्यातच पाठवा. आता केलं तर सांधा वाचेल. पुढं अवघड आहे.”

आई उठली. तिने लेकीच्या डोक्यावरून चष्मा काढला.

“हे टीव्हीत राह्यतं का हो?” तिने कॅमेरा चालवणाऱ्या टेक्निशियनला विचारलं.

“रेकॉर्डिंग राहतं, बाई. डॉक्टरांकडं.”

“पुसून टाका.”

“काहून?”

“हट्टा गावचे पाहुणे व्हय म्हणून राहिले. त्यांच्या कानावर गेलं तर?”

मॅडमनी समजावून बघितलं. आई म्हणाली, “मांडीवर टाके असले तं कोन करील तिला? तुमच्या भावाला करता का, मॅडम?”

मॅडम एक्स-रे पाकिटात घालू लागल्या. त्यांना भाऊ होता.

“आधी लग्न होऊ द्या,” आई म्हणाली. “ऑपरेशन मग नवरा करील.”

रेखाने पदर घेतला आणि पाहुण्यांसमोरची चाल चालत बाहेर गेली.

दोनेक वर्षांनी ती परत आली. कडेवर लेकरू, हातात काठी. पाणी भरताना सासूने पाय ओळखला होता. फसवलं म्हणाले. बाळंतपणाला माहेरी पाठवली ती पाठवलीच. मॅडमनी नवा एक्स-रे काढला. सांधा झिजला होता. ते ऑपरेशन आता होणार नव्हतं.

टेलिमेडिसिनची खोली बंद झाली होती. तिथे सलाईनची खोकी ठेवली होती.

“मावशी, तो चष्मा गेला का?” रेखाने विचारलं.

“नेला त्यांनी.”

“रस्ता चांगला होता त्यातला,” ती म्हणाली आणि लेकराला दुसऱ्या कडेवर घेतलं.

यंत्राबद्दल माझी तक्रार नाही. त्याने चाल बराबर दाखवली. डॉक्टरांनी ती बराबर ओळखली, तीही वेळेवर. एवढ्याने पाय बरा होत नाही.