धुतलेली वाळू

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही, बायकोपाशीसुद्धा नाही. परवा रत्नागिरीत एका शाळेत माझा सत्कार झाला, 'कणाचा पत्ता सांगणारे साहेब' म्हणून. मी शाल घेतली, हसलो! तेव्हापासून स्वतःचा नुसता राग राग येतोय.

आमच्या प्रयोगशाळेत लेसरचं यंत्र आहे. किरण कणावर पडला की ठिणगी उडते, आणि तिच्या उजेडावरून कळतं – खनिज कोणतं, त्यात कुठला धातू किती. त्यावरून वाळू कुठली तेही ताडता येतं. यंत्राला कुणाची भीड नसते. मला होती.

पारूबाई जवळच्याच किनाऱ्यावरच्या गावातली. घरचे पुरुष मुंबईला, नारळीची बाग हिच्या एकटीच्या जिवावर. बागेपुढची काळी वाळू एक कंत्राटदार उपसून नेत होता आणि वर म्हणत होता, ही मला परवाना मिळालेल्या खाडीतली. म्हणून तिने दोन डबे आणले – एक किनाऱ्यावरचा, एक त्याच्या ढिगातला. "सायेब, गोड्या पाण्यान धुवून आणलीय हां," म्हणाली. साहेबाच्या हातात खारट, घाणेरडी वस्तू कशी द्यायची?

धुतल्याने मीठ जातं, एवढंच. कणाच्या आतलं लोखंड नि टिटॅनियम कुठे जाणार? मी तपासलं. दोन्ही डबे तंतोतंत जुळले. आमच्याकडे आधीपासून असलेल्या खाडीतल्या वाळूच्या नमुन्याशी मात्र काही जुळेना.

मग वरिष्ठांचा फोन आला. धमकी नाही, आमिष नाही – नुसतं, "उगाच भानगड नको." एवढ्यावर माझी गाळण उडाली! अहवालात मी काय लिहिलं? 'नमुने धुतलेले असल्याने उगम सांगता येत नाही.' अरे, दुसरे नमुने मागवता आले नसते? स्वतः जाऊन उचलता आले नसते? पण मला अंग काढून घ्यायचं होतं, आणि त्या बाईचा भलेपणा आयता सापडला. कंत्राटदाराचा संताप येतो, वरिष्ठांचा येतो – पण ते निदान आपापल्या स्वभावाला जागले. मी कशाला जागलो?

किनाऱ्याची वाळू गेली. भरतीचं पाणी बागेत शिरलं, विहीर खारट झाली. गावाने बोल लावला तो पारूबाईला – हिला धुवायला कुणी सांगितलं होतं!

गेल्या महिन्यात ती एसटी स्टँडवर भेटली. मला बघून वाकलीच. "सायेब, माझ्या हातान वाटोळा झाला गावाचा. माफ करा."

तेव्हा तरी बोलायचं होतं ना? मी म्हणालो, "जाऊ दे बाई, होतं असं."

मी तिला माफ केलं.