नुसता फ्लॅश

मित्रहो, दुपारपासून कशात मन लागत नाही, म्हणून लिहितो.

राळेगावातल्या माझ्या स्टुडिओवर एका जपानी कंपनीची पाटी आहे. तिचेच रोल आणि तिचाच कॅमेरा मी वर्षानुवर्षं वापरला. पुढे ती दुसऱ्या कंपनीत मिळाली आणि तिनं रोल, कॅमेरे सगळंच बनवणं सोडून दिलं. पाटी मात्र मी काढली नाही.

ती पाटी पाहूनच आज एक चाळिशीचा माणूस आत आला. त्याची आई परवा वारली. घरात तिचा एकही फोटो नाही.

"काका, मावशीच्या लग्नात तुमीच होते न? मायचा एकटीचा फोटो काढलता तुमी. ते नेहमी सांगे. निगेटिव्ह असन तं पाहा न."

लग्न आठवलं. रोलमध्ये छत्तीसच फोटो बसायचे आणि 'माझा काढा' म्हणणारे शंभर. मग साध्या कपड्यातलं कुणी समोर उभं राहिलं, की मी रोल वाचवायचो आणि नुसता फ्लॅश मारायचो. त्यांना वाटायचं, फोटो निघाला.

तरी त्या लग्नाच्या सगळ्या निगेटिव्ह उजेडात धरून पाहिल्या. नवरी सोडून एकट्या बाईचा फोटो कशातच नव्हता. त्याची माय नव्हतीच.

"ती निगेटिव्ह पाण्यानं खराब झाली रे," मी म्हटलं.

"जाऊ द्या काका. तुमी काढलता, हेच लय झालं," म्हणत तो माझ्या पाया पडला.

आता तिच्या तेरवीला जाऊन खरं सांगू का? आणि त्यानं विचारलं, 'काहून नाही काढला?', तर काय सांगू?